‘मत्स्यगंधा’ची जुनी तबकडी अजून का सुटत नाही?

मांडवीकाठ

गणेशचवथीच्या आधी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या घरी माळा झाडायला काढला होता. पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या नववारींखाली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ‘मत्स्यगंधा’ची तबकडी सापडली. छोटी, ४५ची. कव्हर कसरीनं खाल्लंय, लेबलावर चहाच्या कपाचं गोल उमटलंय, पण त्या मानानं ओरखडे कमी. शेजारून प्लेअर मागून आणला आणि लावली. आधी तळणीत मासळी सोडल्यासारखी चरचर आणि मग रामदास कामतांचा आवाज. झाडू हातातच राहिला, माळा अजून तसाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नाटक १९६४चं. लेखन वसंत कानेटकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची. पराशर रामदास कामत, सत्यवती आशालता वाबगावकर. संस्था मुंबईतल्या गोवेकरांची, अभिषेकीबुवा मंगेशीचे, कामत आणि आशालताबाईही इथलेच. गोवा मुक्त होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. कोळ्याच्या मुलीची आणि होडीची गोष्ट आणि ती सांगणारे असे लोक! आमच्या घरात ते नाटक ‘आपलं’ होतं, ते उगीच नव्हे.

आता प्रश्न. ‘गुंतता हृदय हे’ नंतर किती जणांनी गायलं असेल? कितीतरी चांगल्या गळ्यांनी, कितीतरी स्वच्छ ध्वनिमुद्रणात. तरी फिरून मन त्या पहिल्या संचाकडेच का जातं? आठवणींची माया म्हणावी तर माझ्या भाचीला कसल्या आठवणी? ती २२ वर्षांची, ‘मत्स्यगंधा’ तिनं स्टेजवर पाहिलेलंसुद्धा नाही. ती फोनवर ऐकते तेही मूळच.

माझा अंदाज असा की त्या तबकडीत गायक नाही, पराशर आहे. बोलता बोलता माणसाला राहवेना आणि तो गायला लागला, असं ते ऐकू येतं. पुढच्यांनी गायलं ते पद. त्याच्या आधीचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलेलंच नसतं.

जाता जाता घरचा एक किस्सा. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, गावच्या उत्सवात पराशर केला होता. पद याच तबकडीवरून बसवलेलं. तिच्यावर ‘गुंतता’च्या अंतऱ्यात एके ठिकाणी सुई उडी मारते. दादानं त्या उडीसकट पाठ केलं. तबलजी सांगायचा, “हांगा दोन मात्रा गिळपाच्यो,” म्हणजे इथं दोन मात्रा गिळायच्या. नाटकाच्या रात्री कुणाला पत्ता लागला नाही. दादा आज ७८चा आहे आणि अजून तसंच गातो.

पायपेटी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन, आता तालमीला जायचंय.

काणकोणची_काकू

मांडवीकाठ, तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा. उडी मारणारे पराशर मी पण पाहिलेत, फक्त ते होडीतून उडी मारायचे :)

नवा_भिडू

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मी या सगळ्यात शिरलो तो २०१५च्या ‘कट्यार’ सिनेमामुळे. सिनेमा आवडला म्हणून मूळ नाटकाची गाणी शोधली, तिथून ‘मत्स्यगंधा’कडे आलो. खरं सांगू? मला पहिल्यांदा काहीच भिडलं नाही. एका कानात आणि दुसऱ्या कानात तेच, सगळं चपटं, आवाज पुढे आणि वाद्यं कुठेतरी भिंतीमागे. साठ वर्षांपूर्वीचं तंत्र, त्यात त्यांचा दोष नाही, मान्य. पण ‘मूळ ते मूळ’ हे म्हणणं अर्धं भक्तीचं वाटतं. लहानपणी जे कानावर पडलं तेच थोर.

टेपग्रस्त

नवा_भिडू, तंत्राचा मुद्दा बरोबर आहे. पण आमच्यापैकी बहुतेकांनी ती तबकडीसुद्धा ऐकली नाही हो. आम्ही ऐकली ती कॅसेट. तीही कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवरून उतरवलेली. बाजू संपताना शेवटचं पद मध्येच कापलं जायचं. मला ‘साद देती हिमशिखरे’चा शेवट कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हता. माझ्या लेखी त्या पदात हिमालय अर्ध्यावरच थांबायचा आणि टेपचं बटण टक्कन वर यायचं.

आणि पट्टीची गंमत तर विचारूच नका. आमच्या टेपची मोटर जलद. वाड्यावरच्या एकानं त्यावरून पद बसवलं आणि तालमीला पेटीवाल्यासमोर उभा राहिला. पेटीवाला एक स्वर दाबतो, हा वर जातो. दुसरा दाबतो, हा खाली राहतो. दोन पट्ट्यांच्या फटीतला सूर! पेटीवाल्यानं शेवटी हात जोडले, म्हणाला, तुझा टेप घेऊन ये, त्यालाच साथीला बसवू.

काणकोणची_काकू

आता लिहितेच. मी १९८० नंतरच्या काळात सत्यवती केली आहे, एकदा नाही, सात-आठ गावांत. तेव्हा गावोगावी उत्सवाला हौशी मंडळींचं संगीत नाटक असायचंच. पुरुष गावचे, नटी बाहेरची. मी ‘बाहेरची’. नाटकाच्या दोन दिवस आधी पोचायचं, एक साधी तालीम, एक रंगीत तालीम आणि तिसऱ्या रात्री उभं राहायचं. गावची माणसं दोन महिने तालीम करून बसलेली, त्यांच्या सगळ्या जागा ठरलेल्या आणि मला त्यात बसायचं. ते जमायचं कशामुळे? कॅसेटमुळे. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचा पराशर आणि दक्षिण टोकाच्या काणकोणची सत्यवती एकमेकांना कधी न भेटता एकाच चालीवर तयार होऊन यायचे. ती कॅसेट म्हणजे आमची लांबूनची तालीम मास्तर होती.

आशालताबाईंचं ‘अर्थशून्य भासे मज हा’ मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. भात शिजत ठेवायचा, टेप लावायचा. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की बाई काही ठिकाणी सूर मुद्दाम पूर्ण उघडत नाहीत. घसा मोकळा करून गाता येईल अशी जागा असते आणि त्या तिथं आवाज आवरतात. मला आधी वाटलं, जमलं नसेल. (तरुणपणी माणसाला काय काय वाटतं!) मग एका गावात मी तीच जागा मोकळ्या गळ्यानं घेतली. टाळ्या मिळाल्या. आत आल्यावर आमचे म्हातारे प्रॉम्प्टर म्हणाले, “बाये, गाणें बरें जालें. पूण सत्यवती खंय (कुठे) गेली?” त्या रात्री मला झोप नाही. घरी येऊन परत टेप लावला. जिनं आयुष्याचा सौदा होताना पाहिला ती बाई मैफिलीसारखी खुलून कशी गाईल? आशालताबाईंनी तो हिशेब केला होता. मराठी रंगभूमीवरची त्यांची ती सुरुवातीचीच वर्षं, हे मला नंतर कळलं.

होडीचं सांगते. एका गावात खरी होडी आणली होती, रापणकारांकडून मागून. खाली चार चाकं लावली आणि विंगेतून दोन मुलं दोरी ओढणार. होडी कितीही धुतली तरी वास जाईना. मी आत बसले, पराशर समोर उभा, पहिल्या दोन रांगा नाकाला पदर लावून. ‘मत्स्यगंधा’ नाव सार्थ झालं एवढं खरं.

मांडवीकाठ

काकू, दंडवत! “सत्यवती खंय गेली” हे माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा भारी आहे.

पुणेरी_गोंयकार

वाखुसा (वाचनखूण साठवली). काकूंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती दोनदा म्हणाली परत वाच.

पायपेटी

आलो. मी ऑर्गन वाजवतो, फोंड्याकडचा. तीस-एक वर्षं गावच्या आणि स्पर्धेच्या नाटकांना साथ करतोय, त्यामुळे या तबकड्यांनी आमचं काय केलं हे जरा जवळून पाहिलंय. चांगलंही आणि वाईटही.

आधी वेळेचा हिशेब. जुन्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं. बालगंधर्व घ्या, आपले मंगेशीचे मास्टर दीनानाथ घ्या. रंगभूमीवर पंधरा-वीस मिनिटं रंगणारं पद त्यांना मुठीत आवळून त्या सव्वातीन मिनिटांत बसवावं लागायचं. म्हणून त्या तबकड्या ऐकताना धाप लागल्यासारखं होतं. मुखडा झाला की लगेच तान, श्वास घ्यायला फुरसत नाही. ते अफाट आहे, पण ते नाटक नव्हे, नाटकाचा अर्क आहे. दोन थेंब जिभेवर पडले की डोळ्यांतून पाणी.

अभिषेकीबुवांनी खेळ बदलला तो इथं. त्यांनी पदच आटोपशीर बांधलं. कानेटकरांचं नाटक गद्याच्या अंगानं पुढे सरकणारं. तिथं नायक अर्धा तास ताना घेत बसला तर कथा विंगेत जाऊन विडी ओढेल. म्हणून चाल अशी की पहिल्या ओळीतच भाव पोचला पाहिजे, आलाप मोजका, तान आली तर शब्दाच्या पोटातून आली पाहिजे. त्यामुळे झालं काय, की स्टेजवरचं पद आणि तबकडीवरचं पद यांतलं अंतर कमी झालं. तीन-चार मिनिटांत ते गुदमरत नाही. माझ्या मते ही तबकडी टिकण्याचं पहिलं कारण आवाजाचं नव्हे, मापाचं आहे. कपडा तिच्याच अंगाचा शिवलेला आहे.

नवा_भिडू, आता तुम्हाला. ‘भिंतीमागची वाद्यं’ म्हणालात ते खरं, मोनो ध्वनिमुद्रण आहे. पण एक करून बघा. हेडफोन काढा, छोट्या स्पीकरवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. हे संगीत कानात ओतायला केलेलं नाही, समोरून यायला केलेलं आहे. ऑर्गन आवाजाच्या मागेच हवा. नाटकात आमची जागा पिटात किंवा विंगेत, नटाच्या मागे. मी पुढे आलो तर मालक मला हाकलेल.

नवा_भिडू

करून बघतो. पण दोन प्रश्न. एक, वाईट काय केलं ते लिहिलं नाहीत. दोन, याच मापात ‘कट्यार’ कशी बसते? तिथं तर गाणंच कथा आहे.

पायपेटी

दुसरं आधी. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७च्या डिसेंबरातली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, संगीत पुन्हा अभिषेकीबुवांचंच आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. तिथं बरोबर उलटा मामला. दोन घराण्यांची टक्कर दाखवायची तर गायकी पूर्ण उलगडलीच पाहिजे. ‘घेई छंद’ हे एकच पद दोन वळणांनी आहे. समोरच्या घराण्याच्या पंडितजींचं धानी रागातलं, ठाय आणि निवांत. खाँसाहेबांचं सालगवराळी रागात, अंगावर येणारं. शब्द तेच, माणूस वेगळा. नाटकाचा सगळा वाद बुवांनी एका पदाच्या दोन चालींत मांडला. त्यामुळे ‘कट्यार’ची तबकडी ऐकणारा अर्धं नाटक ऐकतोच. ‘मत्स्यगंधा’चं तसं नाही. तिथं तबकडी नाटकाचा वास देते, जेवण नाही.

म्हणून ‘कट्यार’चा पुनर्जन्म सिनेमात झाला, नव्या पिढीला ती नव्या गळ्यांनी भेटली. ‘मत्स्यगंधा’ मात्र त्या दोन आवाजांना चिकटून राहिली. हे तिचं भाग्य की दुर्भाग्य, मला ठरवता येत नाही.

आता वाईट काय. सांगायला जीभ रेटत नाही, कारण माझाही त्यात हात आहे. काकू म्हणाल्या तसं कॅसेट तालीम मास्तर झाली. पण हा मास्तर कधी दुसऱ्यांदा वेगळं सांगत नाही. जुने नट एका रात्री एक जागा घेत, दुसऱ्या रात्री दुसरी. लोकांनी वन्स मोअर दिला तर दुसऱ्या खेपेला पद फिरवून म्हणत, तेच ते परत नाही. आमच्या पिढीच्या नटांना वन्स मोअर मिळाला की ते तीन मिनिटं तंतोतंत परत! श्वाससुद्धा त्याच जागी. एका स्पर्धेत एका पोरानं पदात स्वतःची एक जागा घेतली, छोटीशी, पण त्याची. परीक्षकांपैकी एकानं नंतर त्याला सुनावलं, “मूळ असं नाही.” पोरगं कोमेजलं. मला तेव्हा उठून विचारायचं होतं की मूळ म्हणजे कुठलं? स्टुडिओत एका दुपारी घेतलं ते, की त्यानंतर रंगभूमीवर वर्षानुवर्षं रोज बदलत गेलं ते? उठलो नाही. ऑर्गनवाल्यानं बोलायचं नसतं.

फेरीची_वाट

पायपेटी, हे फार जवळचं लिहिलंत.

पण मी थोडी तबकडीच्या बाजूनं बोलते. तुम्ही ज्या फिरत्या, रोज बदलणाऱ्या गाण्याबद्दल म्हणता ते ज्यांनी समोर बसून ऐकलं त्यांचं होतं. माझ्या आईला लहानपणी देवळाच्या मांडवात बायकांच्या बाजूला, खांबामागे बसून जेवढं दिसेल तेवढं नाटक पाहायला मिळायचं, ते पण घरचं सगळं आवरून, म्हणजे पहिला अंक संपल्यावर. नांदी तिनं कधी ऐकलीच नाही. आमच्या घरी रेडिओ आला आणि पणजी केंद्रावर नाट्यसंगीत लागायला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा पूर्ण पद ऐकायला मिळालं, आणि तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात, पाट्यावर वाटण वाटता वाटता. ती म्हणायची, “हे गाणं आता कुणी उठवू शकत नाही.” म्हणजे मधूनच ‘चल, घरी चल’ म्हणणारा कोणी नाही. मूळ रेकॉर्डिंगचं माहात्म्य मला विचाराल तर ते हेच. ज्यांना पहिल्या रांगेत जागा नव्हती त्यांना तबकडीनं ती दिली.

आणि ‘गर्द सभोंवती रान साजणी’ तर आमच्या घरचं अंगाईगीत होतं. हे बालकवींचं आहे हे मला शाळेत कळलं तेव्हा विश्वास बसेना. १९१८ साली गेलेल्या कवीची कविता, महाभारतातल्या कोळणीच्या तोंडी, मंगेशीच्या बुवांच्या चालीत. कुठेही सांधा दिसत नाही. पुढे आशालताबाईंनी आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही त्यांनी ‘गर्द सभोवती’च ठेवलं. इतक्या भूमिका केल्या, इतके सिनेमे केले आणि शेवटी पुस्तकाला नाव कुठलं, तर त्या पदाचं.

पुणेरी_गोंयकार

+१. अवांतर: या निमित्तानं एक विचारू का, घरी आपण कोकणी बोलणार आणि नाटक म्हटलं की मराठी, हे कसं काय...

मांडवीकाठ

पुणेरी, पाया पडतो, तो विषय इथं नको. त्यावर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. इथं फक्त पदं.

पुणेरी_गोंयकार

बरं बरं. तोंडावर बोट.

टेपग्रस्त

फेरीची_वाट यांच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे रामदास कामतांची पदं लागली की बाबा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. एकदा ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ चालू असताना पोस्टमन आला. बाबांनी त्याला हातानं थांबवलं. तो बिचारा उंबऱ्यावर उभा. पद संपलं, मग सही. पोस्टमन जाताना म्हणाला, “परत लावणार असाल तर उद्या याच वेळेला येतो.” २०२२च्या जानेवारीत कामत गेले त्या दिवशी मी ते पद लावलं आणि मुलाला हातानं थांबवलं. तो म्हणाला, “बाबा, मी काही बोललोच नव्हतो.”

नवा_भिडू

प्रयोग केला. पायपेटी, तुम्ही सांगितलं तसा छोटा स्पीकर खिडकीत ठेवला आणि मी बाहेर बाल्कावर बसलो. पाऊस होता.

मान्य करतो, वेगळं ऐकू आलं. ‘गुंतता हृदय हे’मध्ये कामत ‘गुंतता’ शब्द म्हणतात ना, तो ते गुंतवतच म्हणतात, सोडवायची घाई नाही. हेडफोनवर मी आवाजाची प्रत ऐकत होतो, हे ऐकलंच नव्हतं. आणि काकूंनी सांगितलेलं ‘अर्थशून्य’ लावलं. आवरलेला सूर कुठला ते दोन वेळा सापडलं नाही, तिसऱ्यांदा सापडलं. आता ते न ऐकल्यासारखं करता येत नाही, काकू.

तरी माझा एक मुद्दा मी सोडत नाही. हे मला कुणीतरी सांगावं लागलं. काकूंनी, पायपेटींनी. आपोआप भिडलं नाही. मग टिकणारी गोष्ट तबकडी की तिच्याबद्दल सांगणारी माणसं?

काणकोणची_काकू

बाबा, मला तरी कुठे आपोआप कळलं? प्रॉम्प्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. पण तू दुसऱ्या कुठल्या गाण्यासाठी तिसऱ्यांदा ऐकायला बसला असतास का, ते सांग.

नवा_भिडू

:) पकडलंत.

पायपेटी

भिडू, तुम्ही नाटकात काम करा. कान आहे तुम्हाला. आमच्याकडे कोरसला नेहमी एक माणूस कमी असतो.

मांडवीकाठ, तुमच्या तबकडीच्या उडीवर बसून हिशेब केला. ४५ची तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते, म्हणजे एक फेरा सव्वा सेकंदाच्या किंचित वर. सुई एक रेघ ओलांडून पुढच्या रेघेत पडली तर तेवढा वेळ गायब. त्या लयीत ते दोन मात्रांच्या आसपास येतं. म्हणजे तुमच्या तबलजीचा हिशेब पक्का होता. खूप तयारीचा माणूस असणार. बिनचूक पदाला साथ कोणीही करेल, उडीला साथ करणं सोपं नाही.

एक सुचवू? तबकडी फेकू नका, त्यावर फेविकॉलचे वगैरे इंटरनेटी प्रयोगही करू नका. डिस्टिल्ड पाणी, मऊ सुती फडका, रेघांच्या दिशेनंच पुसा, लेबलाला पाणी लागू देऊ नका. पुष्कळदा ओरखडा वाटतो तो ओरखडा नसतो, काहीतरी चिकटलेलं असतं. पुसून झालं की माझ्याकडे आणा, चांगला प्लेअर आहे, फोनऐवजी नीट संगणकावर उतरवून घेऊ.

फेरीची_वाट

उडी काढायची की ठेवायची? मतदान घ्या. माझं मत ठेवा.

टेपग्रस्त

काढा. नाहीतर पुढची पिढी पण दोन मात्रा गिळेल.

मांडवीकाठ

वृत्तान्त देतो, उशीर झाला, चवथ आडवी आली.

विसर्जन झाल्यावर दादाला घेऊनच पायपेटींकडे गेलो. सकाळची फेरीबोट चुकली, दुसरीत गाडी घातली, दादा पूर्ण वेळ कठड्याला धरून उभा, तबकडी पिशवीत छातीशी. पायपेटींनी भिंगाखाली धरली. दिव्याच्या उजेडात त्या जागी मोहरीएवढा पिवळट ठिपका. नखानं हळूच दाबून बघितलं. मेण! कधीतरी वीज गेली असणार आणि कुणीतरी मेणबत्ती धरून तबकडी बदलली असणार. चाळीस-पन्नास वर्षं आमच्या घरातला ‘ओरखडा’ म्हणजे मेणाचा एक थेंब होता.

पायपेटींनी तो कोमट पाण्याच्या फडक्यानं अर्धा तास घेऊन काढला. तो अर्धा तास दादा काही बोलला नाही. इथं एक सांगायला हवं: रेडिओवर हे पद लागलं की दादा नेहमी म्हणायचा, ते वेगळं रेकॉर्डिंग आहे, आपल्या तबकडीवरचं खरं. आम्ही कधी वाद घातला नाही.

मग लावली. मुखडा झाला, अंतरा आला. दादा मांडीवर बोटानं ठेका धरून होता. ती जागा आली आणि सुई सरळ पुढे गेली. कामत संथपणे ती ओळ पूर्ण म्हणून समेवर आले. दादाचं बोट मात्र दोन मात्रा आधीच पडून बसलं होतं.

पद संपेपर्यंत सगळे गप्प. पायपेटींनी सुई उचलली, विचारलं, कसं वाटलं? दादानं चष्मा पुसला आणि म्हणाला,

“बरें म्हणलां. पूण हांगा तो चुकलो.”